आठवड्याची एक पेनी: व्हिक्टोरियन गरिबांच्या अंत्यविधीचा हिशोब

ऋण काढून सण करू नये, हा उपदेश व्हिक्टोरियन इंग्लंडमधल्या गरिबांना सर्वाधिक ऐकावा लागला तो त्यांच्या अंत्ययात्रांवरून. घरात पुरेसा पाव नाही, पण शवपेटी चांगल्या लाकडाची हवी, काळे घोडे हवेत, शोकाचे कपडे हवेत! समाजसुधारक एडविन चॅडविक यांनी 1843 मध्ये शहरांतल्या दफनाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात हा खर्च तपशिलाने मांडला आहे. देशभर अंत्यविधींवर वर्षाला 40 ते 50 लाख पौंड उडतात, असा त्यांचा अंदाज होता. पैसे जुळेपर्यंत एका खोलीच्या घरात प्रेत आठवडाभरही राही आणि शेजारीच मुले जेवत-झोपत, हेही त्यांनी नोंदवले. ही माहिती मोलाची आहे. मात्र तिच्यावरून गरीब लोक हौशी आणि अविचारी होते असा जो निष्कर्ष निघत आला, तो मला मान्य नाही. या खर्चामागे विचार होता, आणि त्याची किल्ली कायद्यात सापडते.

अठराव्या शतकात शवविच्छेदन हा शिक्षेचा भाग होता. 1752 च्या कायद्याने फाशी गेलेल्या खुन्याचे प्रेत शल्यविशारदांच्या हवाली करता येई. वैद्यकीय शिक्षण वाढले तशी ही प्रेते अपुरी पडू लागली आणि कबरी उकरणाऱ्या टोळ्या माजल्या. एडिंबरामध्ये 1828 साली बर्क आणि हेअर या जोडीने प्रेते विकण्यासाठी 16 खून केल्याचे उघडकीस आले. मग 1832 चा शरीरशास्त्र कायदा झाला. वर्कहाउसमध्ये, म्हणजे निर्धनांना कामाच्या बदल्यात आसरा देणाऱ्या सार्वजनिक गृहात, किंवा इस्पितळात मेलेल्या बेवारस माणसाचे प्रेत आता वैद्यकीय शाळेला देता येऊ लागले. दोनच वर्षांनी नव्या दारिद्र्य कायद्याने मदतीची वाट वर्कहाउसच्या दारातून नेली. काल खुन्याच्या नशिबी असलेली विटंबना आज निर्धनाच्या वाट्याला आली. नातलग असले, तरी दफनाचा खर्च त्यांना झेपत नसे. त्यामुळे प्रेतावरचा त्यांचा हक्क बहुधा कागदावरच उरे.

म्हणून आठवड्याला एक पेनी बाजूला पडे. दफनासाठी वर्गणी जमवणारी दफन-मंडळे आधीपासून होतीच. 1854 पासून प्रुडेन्शियल कंपनीचे एजंटही दारोदार फिरून छोटे हप्ते गोळा करू लागले. हजारातली सुमारे दीडशे मुले वर्षाची होण्याआधीच दगावत, त्या काळात तान्ह्याचा विमा उतरवणे हा आईचा व्यवहारीपणा होता. व्हिक्टोरिया राणीनंतरही हे चालू राहिले. मॉड पेंबर रीव्ह्ज यांनी 1913 मध्ये लंडनच्या लँबेथ भागातल्या कुटुंबांचे जमाखर्च प्रसिद्ध केले. आठवड्याला पौंडाच्या आसपास मिळकत असलेल्या त्या घरांतही दफनाचा हप्ता होताच.

यावर आक्षेप येतील. थाटाच्या अंत्ययात्रेची ओढ 1832 पूर्वीचीच आहे आणि गरीब वरच्यांचे अनुकरण करत होते, हे खरे. 1852 मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांची अंत्ययात्रा सरकारनेच अफाट खर्च करून काढली; तो थाट लोकांनी डोळे भरून पाहिला. पण अनुकरणाने फार तर पिसांचा आणि घोड्यांचा खर्च समजतो. अर्धपोटी राहून वर्षानुवर्षे हप्ता भरणे समजत नाही. दुसरा आक्षेप अंत्यविधीच्या कंत्राटदारांकडून होणाऱ्या लुबाडणुकीचा. तीही होती, मात्र भीती खरी होती म्हणूनच तिच्यावर धंदा चालला. तिसरा आक्षेप भयंकर आहे: विम्याच्या पैशासाठी मुले मारली जात. असे काही खटले झाले आणि 1875 च्या कायद्याने पाच वर्षांखालील मुलाच्या विम्याला 6 पौंडांची मर्यादाही आली. परंतु थोड्यांच्या गुन्ह्यावरून लाखो आयांवर संशय घेणे हा अन्यायच होता.

गरिबाचा खर्च योग्य की अयोग्य हे ठरवताना, तो न केल्यास त्याच्यापुढे काय वाढून ठेवले होते ते आधी पाहिले पाहिजे. चॅडविक यांचे आकडे 1832 च्या कायद्याशेजारी ठेवून वाचले की उधळपट्टी वाटणारी गोष्ट स्वसंरक्षण ठरते. काटकसरीच्या उपदेशाने ही भीती हटली नाही, हटणारही नव्हती. 1946 च्या राष्ट्रीय विमा कायद्याने अंत्यविधीसाठी अनुदान मान्य केले, तेव्हा सन्मानाने मातीआड होणे ही माणसाची गरज आहे, हे सरकारने अखेर कबूल केले. गरिबांनी ते पेनी-पेनीने शंभर वर्षे आधीच सांगितले होते.