चांगला हात बांधून ठेवा!

आमच्या रोडपालीत संध्याकाळी तलावाकडे चक्कर मारली की तीन प्रकारची माणसं हमखास भेटतात. कानात इअरफोन घालून ऑफिसचा कॉल उरकणारी आपली जमात, बाबागाडी ढकलणारे नवे आई-बाबा आणि एक हात पोटाशी दुमडून सावकाश चालणारे आजोबा.

या तिसऱ्या गटातले एक काका माझ्याच मजल्यावर राहतात. कळंबोलीच्या स्टील मार्केटमध्ये हिशेब लिहिण्यात नोकरी गेली. दीड वर्षापूर्वी पॅरालिसिसचा अटॅक आला आणि उजवा हात ‘गेला’. म्हणजे घरचे तसं म्हणतात. खरं तर बोटं हलतात, मनगटही थोडं वर येतं. पण चहाचा कप काका डाव्या हाताने उचलतात, बटणं काकू लावतात आणि घास मुलगा भरवतो. इतकं सगळं प्रेमाने होतं की उजव्या हाताला कामच उरत नाही!

काकांसारखे किती असतील? डॉ. पी. एम. दलाल आणि सहकाऱ्यांनी २००५-०६ मध्ये मुंबईच्या एका वॉर्डात पाहणी केली होती. पहिल्यांदा स्ट्रोक आलेल्यांपैकी साधारण ३० टक्के २८ दिवसांत दगावले. उरलेले ७० टक्के घरी आले, आणि खरी परीक्षा तिथूनच सुरू होते.

एडवर्ड टॉब या अमेरिकन शास्त्रज्ञाने माकडांवर प्रयोग केले. एका हाताची संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या नसा तोडल्या की माकड तो हात वापरणंच सोडून देई. चांगला हात बांधला की मात्र झक मारत वापरू लागे. म्हणजे हात निकामी झालेला नव्हता, तो न वापरण्याची सवय लागली होती. हाच फंडा माणसांवर वापरला गेला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘एक्साइट’ चाचणीत स्ट्रोकनंतर तीन ते नऊ महिने झालेले २२२ रुग्ण होते. उपचार घेणाऱ्या गटाने दोन आठवडे जागेपणीचा बहुतेक वेळ चांगल्या हातात जाड मोजा घातला आणि दुबळ्या हाताने तासन् तास सराव केला. वर्षभरानंतरही त्यांचा हात इतरांपेक्षा चांगला चालत होता. (अट एकच, मनगट-बोटांत थोडी तरी हालचाल हवी. त्यामुळे थेरपिस्टला विचारल्याशिवाय घरी बांधाबांधी नको.)

खरी गोम आहे ती सरावाच्या प्रमाणात. कॅथरीन लँग यांनी २००९ मध्ये थेरपीची सेशन्स बसून मोजली. हाताने एखादं काम करण्याचा सराव सरासरी ३२ वेळा! प्रयोगातले प्राणी तीच हालचाल दिवसाला शेकडो वेळा करतात. लंडनच्या क्वीन स्क्वेअरमध्ये तीन आठवड्यांत ९० तास सराव करून घेतात. तिथे स्ट्रोकला वर्ष-दीड वर्ष उलटलेल्यांचाही हात सुधारला, हे २०१९ मध्ये छापून आलं. त्यामुळे ‘सहा महिन्यांत जे यायचं ते येतं’ हा सोसायटीतला सल्ला मी तरी मनावर घेत नाही.

मग घरच्यांनीच सराव करून घ्यावा? लुधियानाच्या डॉ. जयराज पांडियन यांच्या पुढाकाराने भारतातल्या १४ हॉस्पिटल्समध्ये १,२५० रुग्णांवर हे करून पाहिलं. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला नातेवाइकांना व्यायाम शिकवले. २०१७ मध्ये निकाल आला : सहा महिन्यांनी फरक शून्य. वाचून मी खट्टू झालो. पण ज्या घरात दोघं सकाळी मानसरोवर स्टेशन गाठतात आणि रात्री नऊला परततात, तिथे शेकडो वेळा कप उचलून घेणार कोण? प्रेम आहे, तासच नाहीत. म्हणून थेरपिस्टला फीबरोबर हेही विचारा, ‘आज हात कितीदा चालला?’

आता आपल्या हातांचं. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार लोकांच्या मुठीची ताकद मोजलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पकड ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका १६ टक्के आणि स्ट्रोकचा ९ टक्के जास्त दिसला. नुसता बॉल दाबून आयुष्य वाढतं असा याचा अर्थ नाही हं! पकड म्हणजे अख्ख्या शरीराच्या तब्येतीचा आरसा. आपली बोटं मात्र दिवसभर माउस आणि मोबाइलवर. रविवारी भाजीच्या दोन पिशव्या हाताने उचलून आणायच्या, तर त्याही आपण अॅपवरून मागवतो.