पहाटेचे तीन तास : एकट्या होडीची मासेमारी

तुळजापूर तालुक्यातील जळकोट हे गाव सोलापूर–हैदराबाद महामार्गावर, नळदुर्गच्या पूर्वेस वसलेले आहे. अरबी समुद्राचा किनारा येथून तीनशे किलोमीटरांहून अधिक दूर. भरती-ओहोटी हे शब्द या परिसरातील मुलांना भूगोलाच्या पुस्तकातच भेटतात. तथापि, मासेमारी या भागाला अपरिचित नाही. बोरी नदीचे पाणी अडवून नळदुर्गच्या किल्ल्यात पाणीमहाल उभारला गेला, तो इब्राहिम आदिलशाह दुसरा याच्या कारकिर्दीत. त्याच नदीवर नळदुर्गजवळ आधुनिक काळात बोरी धरण झाले. मराठवाड्यात अशी धरणे, पाझर तलाव व साठवण तलाव ठिकठिकाणी झाले आणि पाण्याबरोबर गोड्या पाण्यातील मत्स्यव्यवसायही अवर्षणप्रवण भागात आला.

समुद्रावर असो वा तलावावर, एकट्या माणसाने लहानशा होडीतून पहाटे पाण्यात जावे आणि ऊन चढण्यापूर्वी परतावे, ही रीत सर्वत्र सारखीच दिसते. ही फेरी थोड्या वेळाची असते आणि तिच्या थोडकेपणामागे निसर्गाचे निश्चित नियम आहेत. ते समजून घेतले तर मासळीही हाती लागते आणि जीवही सुरक्षित राहतो.

पहाटच का?

पहिले कारण वाऱ्याचे. रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा थंड व जड होते आणि वारा मंदावतो. सूर्योदयानंतर जमीन तापू लागते, हवेत उलथापालथ सुरू होते आणि नऊ-दहाच्या सुमारास मोकळ्या जलाशयावर लाटा उठू लागतात. मोठ्या नौकेला त्या जाणवणारही नाहीत. एकट्याच्या होडीला मात्र त्या पुरेशा घातक असतात.

कोकण किनाऱ्यावर हाच नियम अधिक स्पष्ट दिसतो. रात्री व पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वारे वाहतात. दिवस चढल्यावर समुद्राकडून खारे वारे येतात. शिडाची लहान होडी मतलईवर बाहेर पडते आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर किनाऱ्याला लागते. तेथे वाऱ्याच्या जोडीला भरतीचे वेळापत्रकही सांभाळावे लागते. भरतीची वेळ दररोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे काल ज्या घटकेला खाडीच्या मुखातून होडी सुखरूप आली, त्याच घटकेला चार दिवसांनी तेथे पाणी नसते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोराचा, तर अष्टमीच्या भांगात तो सौम्य असतो. तलावावरील मच्छीमाराला ही चिंता नाही. त्याचे घड्याळ वारा आणि ऊन हेच.

दुसरे कारण माशांच्या सवयींचे. दिवसा पाणवनस्पती व शेवाळ पाण्यात प्राणवायू सोडतात; रात्री मात्र ती स्वतःच तो वापरतात. परिणामी, लहान व शेवाळयुक्त तलावांत सूर्योदयाच्या सुमारास प्राणवायूचे प्रमाण सर्वांत कमी असते आणि मासे पृष्ठभागाजवळ येतात. मरळ, शिंगाळा यांसारखे शिकारी मासे अंधूक प्रकाशात भक्ष्य शोधतात. तिसरे असे की, जाळ्याचा बारीक धागा अंधारात माशाला दिसत नाही. म्हणून जाळे सायंकाळी लावून पहाटे काढतात. जाळ्यात मेलेला मासा ऊन लागताच खराब होऊ लागतो. उशिरा काढलेल्या जाळ्याचा तोटा बाजारात लगेच दिसतो.

होडीचे शास्त्र

एकट्याची होडी म्हटली की आज अनेकांच्या डोळ्यांपुढे रंगीत प्लॅस्टिकची कयाक येते. हौशी मच्छीमार तिच्यातून समुद्रात गळ टाकतात. मुळात ही नौका उत्तर ध्रुवाजवळच्या इन्युइट लोकांची. लाकडाच्या किंवा हाडांच्या सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून ती तयार केली जाई. तिच्यात बसणारा पाय लांब करून जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि दोन पात्यांचे वल्हे मारतो. शरीराचा भार जितका खाली, तितकी होडी स्थिर, हे त्यामागील तत्त्व. रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील उलांडीच्या होडीने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडविला आहे. तेथे होडीच्या एका बाजूला आडव्या दांड्यांवर लाकडी ओंडका जोडलेला असतो. तो होडीला कलंडू देत नाही. तुंगभद्रेवरील वेताची गोल टोपलीवजा नाव आपल्या रुंद बुडामुळे तोल राखते.

मराठवाड्यातील अनेक जलाशयांत मात्र मच्छीमारांजवळ यांपैकी काहीच नसते. थर्मोकोलचे तुकडे कापडात बांधून केलेला तराफा किंवा मालमोटारीची हवा भरलेली ट्यूब, हेच त्यांचे वाहन. ते स्वस्त आहे, एका माणसाला खांद्यावरून नेता येते आणि बुडत नाही. परंतु साधन न बुडणे आणि माणूस न बुडणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. तराफ्यावर उभे राहून जड जाळे ओढताना भार वर आणि एका बाजूला जातो, तराफा उलटतो आणि पाण्यात पडलेल्या माणसाचे पाय त्याच्याच जाळ्यात गुरफटतात. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही अशा वेळी पोहता येत नाही. पाणी ओसरलेल्या जलाशयात जुन्या विहिरी, बाभळीचे बुंधे व तारेची कुंपणे पृष्ठभागाच्या जवळ येतात. त्यांचा धोका निराळाच.

घ्यावयाची दक्षता

यासाठी काही साधे नियम पुरेसे आहेत. जीवरक्षक जाकीट पाण्यात उतरण्यापूर्वी अंगात असावे; तराफ्यावर ठेवलेल्या जाकिटाचा उपयोग नाही. जाळे बसून ओढावे, उभे राहून नव्हे. जाळ्याची दोरी कमरेस किंवा मनगटास कदापि बांधू नये. धारदार चाकू हाताशी असावा. शक्यतो दोन तराफे एकमेकांच्या दृष्टिपथात राहावेत आणि परतण्याची वेळ घरी सांगून निघावे. वारा उठू लागताच, जाळे अर्धवट राहिले तरी, काठ गाठावा. राहिलेले जाळे दुसऱ्या दिवशी काढता येते.

२०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विम्याची तरतूद करण्यात आली. तीनुसार अपघाती मृत्यू अथवा कायमचे पूर्ण अपंगत्व आल्यास ५ लाख रुपये, कायमचे अंशतः अपंगत्व आल्यास अडीच लाख रुपये व रुग्णालयातील उपचारांसाठी २५ हजार रुपये, असे संरक्षण ठरविण्यात आले. नाव नोंदलेले असेल तरच अशा तरतुदीचा लाभ मिळतो. म्हणून मच्छीमार सहकारी संस्थेच्या प्रत्येक सभासदाने आपली नोंद झाली आहे की नाही, याची मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात खात्री करून घेणे हिताचे आहे.

उद्याची मासळी

कटला, रोहू व मृगळ हे मासे वाहत्या पुराच्या पाण्यात अंडी घालतात; तलावाच्या स्थिर पाण्यात त्यांची पैदास सहसा होत नाही. डॉ. हिरालाल चौधरी यांनी १० जुलै १९५७ रोजी संप्रेरकाच्या साहाय्याने या माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तेव्हापासून मत्स्यबीज केंद्रांत जिरे तयार करून, त्यांची बोटुकली वाढवून तलावात सोडणे शक्य झाले. याचा अर्थ असा की, आपल्या जलाशयातील बहुतेक मोठा मासा कोणी तरी पैसे खर्चून सोडलेला असतो. बारीक आसाचे जाळे लावून बोटभर पिल्ले काढणे म्हणजे पेरलेले बियाणे उकरून खाण्यासारखेच होय. २०१५-१६ च्या दुष्काळासारख्या वर्षी तर तलावच आटतात आणि सारे बीज जाते. अशा प्रदेशात, चांगल्या वर्षी लहान मासा पाण्यात राहू देणे अधिकच अगत्याचे ठरते.

एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने मत्स्यव्यवसायाला कृषीसमकक्ष दर्जा देण्याचा निर्णय घेतला. तलावातील पीकही पीकच आहे, हे त्यामुळे मान्य झाले. शेतकरी नांगर धरण्यापूर्वी आभाळ पाहतो. मच्छीमारानेही वल्हे धरण्यापूर्वी वारा पाहावा. अंधारात निघालेला माणूस ऊन चढण्याच्या आत घरी पोहोचला, तरच त्या दिवसाची मासळी लाभली असे म्हणता येईल.