निम्मं कॉलेज घरात



मागच्या बैठकीत हप्ते गोळा झाले आणि एक ताई कुरकुरली, "पोरीला इंजिनिअरिंगला घातलं, तर ती घरी मोबाइल बघत बसते. याला काय अभ्यास म्हणायचा?" पोरगी तिथंच होती. म्हणाली, "अगं आई, निम्मं कॉलेज त्यातच आहे आमचं."

खरंच आहे ते. याला ब्लेंडेड लर्निंग म्हणतात, म्हणजे मिश्र शिक्षण. लॉकडाऊनमध्ये सगळंच ऑनलाइन होतं, तसं हे नाही. काही भाग व्हिडिओवर घरी बघायचा. हाताचं काम आणि शंका कॉलेजात. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर २०१७ पासून मोठमोठ्या संस्थांच्या प्राध्यापकांचे धडे फुकट बघता येतात. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल, तर मात्र फी पडते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२१ च्या नियमानुसार एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत विषय 'स्वयम्'वरून घ्यायला परवानगी देता येते, आणि त्याचं श्रेय पदवीत धरलं जातं. तेव्हा मोबाइल हिसकावण्याआधी थोडं थांबा.

पण मुलं यात समाधानी आहेत का? मी त्या मुलीलाच विचारलं. तिला आवडतं ते हे, की धडा थांबवता येतो, मागं नेता येतो. मराठी माध्यमातून गेलेल्या पोरीला भर वर्गात "सर, परत सांगा" म्हणायची लाज वाटते. व्हिडिओ दहादा ऐकला तरी कुणी हसत नाही.

चिडते ती दुसऱ्याच गोष्टीवर. "व्हिडिओ पाहिला ना, मग झालं" असं म्हणून शंका टाळली, की सगळं अडतं. आपल्या शिवणकामाचंच बघा. कटिंग व्हिडिओवर कळेल, पण मशीनचा दोरा सैल-घट्ट करायचा तो हातानंच, आणि बाई शेजारी उभी असताना. लेथ मशीनचंही तेच. पडद्यावरची प्रयोगशाळा आधीच्या तयारीला चांगली, वर्कशॉपच्या जागी नव्हे.

म्हणून पालकसभेला गेलात तर विचारा: शंकांना ठरलेला तास आहे का? वर्कशॉपचे तास कमी तर केले नाहीत ना? आमच्याकडं रेंज नाही, तर धडे कॉलेजात डाउनलोड करून देता का? आयआयटी मुंबईचे 'स्पोकन ट्युटोरियल' संगणकाचे धडे मराठीतही आहेत आणि एकदा उतरवून घेतले की इंटरनेटशिवाय चालतात. हे बऱ्याच मुलांनाच ठाऊक नसतं.

आणि घरचं? 'स्वयम्'वर दर आठवड्याला स्वाध्याय असतो. तारीख उलटली की संपलं. ती मुलगी हळूच म्हणाली, "व्हिडिओ लावला की आईची हाक येतेच."

ताई तेव्हा काही बोलली नाही. आता रात्री आठ ते नऊ भांडी धाकटा भाऊ घासतो. एक कप फुटला म्हणे.