थांबवा रे त्या पळत्या धाग्यांना!

दोस्तांनो, 'स्टॅच्यू'चा खेळ तुम्ही खेळला असालच. आज तो जरा अवघड करू या. मधल्या सुट्टीत मैदानभर मुलं पळताहेत. तुम्ही एकेकाला हात लावून स्टॅच्यू करायचं. पण ज्याला अजून हात लागला नाही, तो वर्गातून नवा भिडू बोलावू शकतो! मग सगळे थांबले, हे ओळखणार कसं?

कॉम्प्युटरमध्ये हा खेळ खरोखर चालतो. मोठा प्रोग्राम एकाच वेळी अनेक कामं करतो. एकीकडे चित्र आणायचं, दुसरीकडे गाणं वाजवायचं. अशा प्रत्येक कामाच्या धाग्याला 'थ्रेड' म्हणतात. या सगळ्या थ्रेडची मेमरी मात्र एकच. सगळ्या वर्गाचा फळा एकच असतो ना, तशी!

प्रोग्राममधली चूक शोधायला आणखी एक प्रोग्राम लागतो. तो म्हणजे डीबगर. रिचर्ड स्टॉलमन यांनी 1986 मध्ये लिहिलेला 'जीडीबी' हा डीबगर आजही वापरात आहे. तो चालत्या प्रोग्रामलाही जोडता येतो. काही चुका प्रोग्राम तासन्‌तास चालल्यावरच उघड होतात. तो बंद करून पुन्हा सुरू केला, की चूक गायब! म्हणून चालता चालताच तपासणी करावी लागते.

त्यासाठी आधी सगळे थ्रेड थांबवायचे. लिनक्समध्ये त्यांची यादी मिळते. पण डीबगर यादी वाचत असतानाच न थांबलेले थ्रेड नवे थ्रेड काढत असतात!

एखादा सुटला तर बिघडलं कुठे? बिघडतं तर! प्रोग्रामर कोडमध्ये 'इथे थांब' अशी खूण करतो. तिला म्हणतात ब्रेकपॉइंट. ही खूण सामायिक मेमरीत असते, त्यामुळे ती सगळ्यांच्याच वाटेत येते. डीबगरच्या ताब्यातला थ्रेड तिथे आला, की डीबगर त्याला सांभाळून घेतो. सुटलेला थ्रेड आला, तर त्याला सांभाळणारं कुणीच नसतं. मग लिनक्स अख्खा प्रोग्रामच बंद करून टाकतं. डॉक्टर तपासायला आले आणि रोगीच दगावला, अशी गत!

यावर जीडीबीची युक्ती साधी आहे. यादीवरून पुन्हा पुन्हा फिरायचं. लागोपाठ दोन फेऱ्यांत एकही नवा थ्रेड सापडला नाही, तरच थांबायचं. एक जरी सापडला, तरी मोजणी पुन्हा शून्यापासून!

पण युक्ती चालते की नाही, हे पाहायला नको का? म्हणून 2015 साली जीडीबीच्या चाचण्यांत एका मुद्दाम खोडकर प्रोग्रामची भर पडली. त्यातले थ्रेड क्षणभर जगतात आणि सतत नवे जन्मतात. डीबगरने त्याला जोडून घ्यायचं, कुणी सुटलं का ते बघायचं, ब्रेकपॉइंट लावायचा, मग सोडून द्यायचं. आणि हे सगळं पुन्हा, पुन्हा, पुन्हा!

इतक्यांदा कशासाठी? कारण ही चूक वेळेवर अवलंबून असते. नऊ वेळा सगळं सुरळीत होईल आणि दहाव्यांदा नेमका एक थ्रेड निसटेल. एकदा जमलं म्हणजे नेहमी जमेल, असं मुळीच नाही.

येत्या ऑफ तासाला हा खेळ खेळून पाहा. आधी एकाच फेरीचा नियम ठेवा, मग लागोपाठ दोन कोऱ्या फेऱ्यांचा. प्रत्येक नियमाने दहा डाव खेळा आणि कितीदा कोण सुटलं, ते वहीत मांडा. तुमचीही चाचणीच झाली की ती!