विषय नको, प्रश्न द्या!

दिवाळीची सुट्टी लागली की गिरगाव-दादरच्या घरांतून फराळाच्या डब्यांबरोबर आणखी एक वस्तू दाखल होते. ती म्हणजे कॉलेजात जाणाऱ्या चिरंजिवांचा किंवा कन्येचा 'प्रोजेक्ट'! विषय भारदस्त असतो : 'मुंबईचा गिरणी उद्योग'. पाने वीस. खाली सूचना : 'ग्रंथालयाचा उपयोग करावा.' पुढचे प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोबाइलवरून मजकूर उतरतो, कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे छापून निघतो, फाइलीत बसतो आणि बरे गुणही मिळवून येतो. डोक्यात मात्र काही शिरलेले नसते.

दोष कुणाचा? मुले आळशी, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण 'गिरणी उद्योग' हा विषय झाला, प्रश्न नव्हे. विषय दिला की विद्यार्थी मजकूर गोळा करतो. प्रश्न दिला तरच तो शोध घेतो.

एक साधा प्रश्न पाहा. मुंबईतली पहिली कापडगिरणी कधी निघाली? एका पुस्तकात 1854 साल सापडते, दुसऱ्यात 1856. विद्यार्थी गोंधळतो, आणि नेमके इथेच शिक्षण सुरू होते! आणखी चार पाने उलटली की उलगडा होतो. कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवच्या गिरणीसाठी कंपनी स्थापन केली 1854 साली. गिरणी प्रत्यक्ष चालू झाली 1856 साली. दोन्ही पुस्तके खरी, फक्त 'निघाली' या शब्दाचा अर्थ प्रत्येकाने निराळा घेतला. छापलेले सालसुद्धा तपासून घ्यावे लागते, हा धडा दहा व्याख्यानांनी मिळत नाही.

परळचा विद्यार्थी असेल तर त्याला त्याच्याच वस्तीत धाडावे. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' 1863 सालचे. मुंबई शहराच्या गॅझेटियरचे तीन खंड 1909-10 सालचे. माडगावकरांच्या काळी परळला गव्हर्नरसाहेबांचा बंगला होता. 1899 साली त्याच वास्तूत डॉ. हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. मधल्या छत्तीस वर्षांत असे काय घडले, की साहेबाने परळ सोडले? उत्तर एका पानात लिहा, पण कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावर काय मिळाले, तेही सांगा. आता उतरवून काढणे अवघड आणि शोधणे गोडीचे होते की नाही?

मात्र यासाठी प्राध्यापकांनाही थोडी तसदी घ्यावी लागेल. वर्गाला प्रश्न देण्यापूर्वी त्यांनी स्वतः ग्रंथालयात जाऊन उत्तर सापडते का, हे पाहावे. पुस्तकाची प्रत एक आणि विद्यार्थी साठ, असे झाले तर बिचाऱ्या ग्रंथपालाने काय करावे? त्याला आधी कळवावे, पुस्तक तिथेच बसून वाचण्यासाठी राखून ठेवायला सांगावे, आणि पाच-पाच जणांना निराळे प्रश्न वाटून द्यावेत. शिवाय गुण केवळ अखेरच्या निबंधाला देऊ नयेत. कुठे शोधले, काय मिळाले, काय मिळाले नाही, या टिपणवहीलाही द्यावेत.

गणिताची प्राध्यापकी सोडून 1924 साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झालेले डॉ. रंगनाथन यांनी 1931 साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम सांगितले. त्यांतला चौथा, वाचकाचा वेळ वाचवा! मोघम विषय देऊन मुलांना कपाटांपुढे भटकत ठेवणे हा त्या नियमाचा भंगच नव्हे काय?

साधनांची आपल्याकडे वाण नाही. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय 1898 सालापासून उभे आहे. दादरच्या नायगावात त्याचा संदर्भ विभाग आहे. शंकर गणेश दात्यांनी 1800 ते 1937 पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची 1944 साली हाती दिली. फोर्टात एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. वाण आहे ती नेमक्या प्रश्नांची.

आणि आईबापांनी काय करावे? फाइलीचे वेष्टन पाहून खूश होऊ नये. जेवताना सहज विचारावे, "बाळ, हे तुला कुठे सापडले? दुसरीकडेही तसेच लिहिले आहे का?" उद्या हाच मुलगा औषधाची जाहिरात वाचेल, कर्जाच्या कागदावर सही करील, मत देईल. त्या वेळी हे दोन प्रश्न त्याच्या ओठांवर आले, तर त्याचे शिक्षण कामी आले म्हणायचे.