गवा उसात आला, तर काय करायचं?



या पानावर आम्ही एरवी बेणे, खते आणि पाण्याच्या पाळ्या यांविषयी लिहितो. या वेळचा विषय रानातला आहे. पण तो आपल्या फडाशी आणि त्याहून जास्त आपल्या जिवाशी निगडित आहे.

आमच्या थोरल्या बहिणीचे सासर राधानगरी तालुक्यात, डोंगराच्या कुशीत आहे. गाळप उरकल्यावर वैशाखात दोन दिवस तिकडे जाणे झाले. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर बांधायला घेतलेले धरण आणि त्याच्या वरच्या अंगाला दाट रान. १९५८ साली हे रान दाजीपूर अभयारण्य म्हणून राखले गेले. १९८५ साली क्षेत्र वाढवून सुमारे ३५१ चौरस किलोमीटरचे राधानगरी अभयारण्य झाले. त्याची खरी ओळख गव्यांमुळे आहे.

पहाटे दाजींबरोबर त्यांचा एकरभर खोडवा बघायला निघालो. बांधावर पाय ठेवणार, तोच दाजींनी आमचा दंड धरला. "पावणं, हलू नगा. म्होरं बघा."

चाळीसेक पावलांवर गुडघाभर उसात सात-आठ गवे उभे होते. काळाकुळकुळीत नर, तपकिरी माद्या आणि मध्ये दोन वासरे. बांधावर चढलेल्याचे पाय गुडघ्याखाली पांढरे, जणू मोजेच घातलेत. एका थोराड मादीने मान वर केली आणि नाकातून जोराचा फुत्कार सोडला. दाजी ओरडले नाहीत, पळाले नाहीत. त्यांच्याकडे तोंड ठेवूनच आम्ही एकेक पाऊल मागे घेतले आणि आंब्याच्या बुंध्याआड उभे राहिलो. दहा मिनिटांत कळप ओढा ओलांडून रानात शिरला.

पूर्ण वाढलेला नर खांद्याशी सहा फुटांपर्यंत आणि वजनाने हजार किलोपर्यंत भरतो. आपण त्याला गवारेडा म्हणतो, पण तो म्हशीच्या नव्हे, गायीच्या कुळातला. गवत हा त्याचा चारा, आणि बंधूंनो, ऊस म्हणजे तरी काय, गवतच की! उन्हाळ्यात डोंगरावरचे गवत वाळते, पाणवठे आटतात आणि खाली मात्र हिरवागार, लुसलुशीत खोडवा पाण्यावर उभा असतो. मग जनावर खाली उतरणारच.

तीन-चार गुंठे ऊस खाऊन तुडवून गेला होता. ते बघून दाजींचा थोरला मुलगा तापला. "मामा, आता ऐकायचं न्हाई. तार वढतो आन् रातच्याला करंट सोडतो." तारेचं भेंडोळं त्यानं आणूनही ठेवलं होतं. पोराचा राग खोटा नव्हता. सोसायटीचं कर्ज उसाच्या बिलावरच फिटायचं होतं.

आम्ही कायदा सांगायला तोंड उघडणार, त्याआधी आक्काच बोलली. "लाईट रातची असती. अंधारात पाणी पाजाय कोन जातं? तुझा बा जातो. गवा यायच्या आदी त्योच त्या तारंला चिकटंल."

पोरगा गप्प झाला. संध्याकाळी तार माळ्यावर गेली. दुसऱ्या दिवशी दाजींनी वनरक्षकाकडे अर्ज दिला, पंचनामाही झाला. भरपाई हातात पडायची आहे. पण घरातली माणसे धडधाकट आहेत.

आक्काचे बोलणे प्रत्येक सभासदाने ध्यानात ठेवावे. तारेत सोडलेला करंट गवा आणि माणूस ओळखत नाही. त्यात माणूस गेला तर मनुष्यवधाचा गुन्हा होतो. गवा मेला तरी १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली तुरुंगवास आहे.

मग करायचे काय?

गवा दिसला तर अंतर ठेवा, त्याची वाट मोकळी सोडा. वासरे बरोबर असलेला कळप आणि एकटा नर, दोन्हींपासून फारच जपा. कुत्री अंगावर सोडू नका, दगड मारू नका. ९ डिसेंबर २०२० रोजी पुण्यात कोथरूड भागात एक गवा शिरला. बघ्यांची गर्दी आणि पाठलाग यांत तो बिथरला, धावून धावून थकला आणि त्याच दिवशी मेला. गर्दीने जनावरही जाते आणि माणसालाही धोका होतो.

नुकसान झाले तर दुसऱ्याच दिवशी वनखात्याकडे अर्ज द्या. पंचनाम्याआधी रान नांगरू नका, फोटो काढून ठेवा, सातबारा जवळ असू द्या. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे. लहान खोडव्याचा वाढीचा कोंब जमिनीलगत असतो. त्यामुळे वरचे खाल्ले तरी बुडखा शाबूत असेल तर ऊस पुन्हा फुटतो. पाणी द्या, नांग्या भरा, खताचा हप्ता चुकवू नका. मोठ्या उसाचा शेंडा खाल्ला गेला तर मात्र वाढ थांबते आणि पांगशा फुटतात. असा ऊस आमच्या गट कार्यालयात कळवावा.

ज्यांच्या पट्ट्यात बिबट्या आहे, त्यांनीही सावध असावे. जुन्नरकडे बिबट्याच्या माद्या उसातच वितात. तोडणीत पिल्ले सापडली तर हात लावू नका, तिथली तोड थांबवा आणि वनखात्याला कळवा. आई बहुधा रात्री येऊन पिल्ले नेते. फड चारी बाजूंनी कोंडून तोडू नका. एका अंगाने तोडत जा, म्हणजे जनावराला निघून जायला वाट राहते. तोडणी मजुरांची लेकरे फडाच्या कडेला एकटी बसवू नका. ती आपल्या भरवशावर आलेली असतात.

चार गुंठे ऊस पुढच्या हंगामात भरून निघेल. रात्री पाणी पाजायला गेलेला माणूस पहाटे घरी आला पाहिजे, एवढे प्रत्येकाने बघावे.

— ऊस विकास अधिकारी