उत्तराचे बटण नसलेली सभा

लोकसहभागासाठी सॉफ्टवेअर घडवणाऱ्या प्रोग्रॅमरचे काम बाहेरून तांत्रिक वाटते. प्रत्यक्षात मात्र सभेत कोणी, किती आणि कोणत्या नियमाने बोलावे हे ठरवण्याच्या जातीचे ते काम आहे, कारण पडद्यावर कोणते बटण ठेवायचे आणि कोणते वगळायचे यावरून हजारो अनोळखी माणसांच्या संभाषणाला वळण लागते. ग्रामसभेत जे अध्यक्षाच्या अनुभवावर आणि गावाच्या शिरस्त्यावर सोपवलेले असते, ते येथे कोडच्या काही ओळींना सांभाळावे लागते. या कामाचा अलीकडचा सर्वांत बोधप्रद इतिहास सव्वादोन कोटींहून अधिक लोकवस्तीच्या तैवानमध्ये घडला असून त्याचा आरंभ ‘गव्ह-झीरो’ या स्वयंसेवी प्रोग्रॅमरांच्या समूहापाशी होतो.

२०१२ मध्ये तैवान सरकारने आपल्या आर्थिक धोरणाची एक जाहिरात प्रसारित केली. धोरण इतके गुंतागुंतीचे आहे की ते समजावत बसण्यापेक्षा कामाला लागलेले बरे, असा तिचा सूर होता. नागरिकांना काही समजणार नाही हे गृहीतच ज्यांना खटकले अशा काही प्रोग्रॅमरांनी सरकारी अर्थसंकल्प चित्ररूपात मांडणारे संकेतस्थळ तयार केले. तेथील सरकारी संकेतस्थळांच्या पत्त्यात येणाऱ्या ‘गव्ह’ या अक्षरांतील ‘ओ’च्या जागी शून्य घातले की नागरिकांनी रचलेले समांतर पान उघडावे, या कल्पनेतून समूहाचे नाव आले. प्रोग्रॅमरांच्या परिभाषेत याला ‘फोर्क’ म्हणतात. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, वापरता आणि बदलता येतो अशा सॉफ्टवेअरची, प्रत घेऊन ती स्वतंत्रपणे वाढवायची आणि मूळ मालकाला पटल्यास ती सुधारणा त्याला परत घेता यावी अशी वाट मोकळी ठेवायची, असा त्याचा अर्थ.

या समूहातील बहुतेक जण पोटापाण्यासाठी अन्यत्र नोकरी करणारे, आणि सुट्टीचा दिवस हॅकेथॉनला, म्हणजे अनेकांनी एकत्र बसून ठरावीक वेळात काहीतरी उभे करण्याच्या मेळाव्याला, देणारे. तेथे प्रोग्रॅमरांच्या बरोबरीने चित्रकार, वकील आणि लेखकही येतात. २०१३ मध्ये शिक्षण मंत्रालयाच्या चिनी शब्दकोशाला त्यांनी शोधण्यास सोपे, मुक्त रूप दिले, आणि पुढे त्याला तैवानी व हक्का या भाषांच्या कोशांची जोड मिळाली. अशा कामात नव्या निर्मितीपेक्षा डागडुजी अधिक असते: सरकारी तक्त्याची रचना बदलली की सारे पुन्हा जुळवावे लागते. या डागडुजीला क्वचितच कोणी दाद देतो, आणि तरीही साधन टिकते ते तिच्याच बळावर.

कोशाच्या या कामात पुढाकार घेणाऱ्या ऑड्री टँग यांचा जन्म १९८१ चा. चौदाव्या वर्षी त्यांनी शाळा सोडली, आणि २००५ मध्ये पर्ल या संगणकभाषेच्या सहाव्या आवृत्तीची हॅस्केल या दुसऱ्या भाषेत रचना करण्याच्या प्रकल्पामुळे त्या जगभरच्या मुक्तस्रोत वर्तुळात परिचित झाल्या. १८ मार्च २०१४ च्या रात्री, चीनशी झालेल्या सेवा-व्यापार कराराची पुरेशी छाननी न होता तो पुढे रेटला जात असल्याच्या निषेधार्थ विद्यार्थ्यांनी तैवानच्या संसदेचे सभागृह ताब्यात घेतले आणि १० एप्रिलपर्यंत ते सोडले नाही. ‘सूर्यफूल आंदोलन’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या काळात गव्ह-झीरोच्या स्वयंसेवकांनी सभागृहातील घडामोडींचे थेट प्रक्षेपण चालवले आणि संभाषणांची टिपणे सर्वांना वाचता येतील अशी ठेवली. त्याच वर्षाच्या अखेरीस तत्कालीन मंत्री जॅकलिन त्साय हॅकेथॉनला आल्या आणि नवे कायदे करण्यापूर्वी नागरिकांशी चर्चा करता येईल असे व्यासपीठ घडवण्याची विनंती त्यांनी केली. त्यातून ‘व्ही-तैवान’ उभे राहिले.

व्ही-तैवानने वापरलेले ‘पोलिस’ हे साधन अमेरिकेतील सिअॅटल शहरात घडले. ग्रीक भाषेत पोलिस म्हणजे नगरराज्य, आणि तोच अर्थ येथे अभिप्रेत आहे. त्यात सहभागी नागरिक एक छोटे विधान लिहितो आणि इतरांच्या विधानांवर ‘सहमत’, ‘असहमत’ किंवा ‘पुढे’ एवढेच सांगतो. एखाद्या विधानाला प्रत्युत्तर देण्याची सोय नाही, आणि या साधनाचा सारा विवेक या एका उणिवेत साठवलेला आहे. उत्तर देता आले की माणूस विधान बाजूला ठेवून विधान करणाऱ्यावर घसरतो. उत्तर देता येत नाही तेव्हा अधिक लोकांना पटेल असे नवे विधान लिहिणे हा एकच मार्ग उरतो. यंत्र या मतांचा मोठा तक्ता बनवते, ज्यात प्रत्येक आडवी ओळ एका माणसाची आणि प्रत्येक उभा रकाना एका विधानाचा असतो, आणि सांख्यिकीच्या साहाय्याने सारखी मते देणाऱ्यांना नकाशावर जवळजवळ बसवते. आपला गट कोणता आणि समोरच्या गटालाही मान्य असलेली विधाने कोणती, हे प्रत्येकाला त्या नकाशावर दिसते. यंत्र शोधते ते गटांना ओलांडून जाणारे मतैक्य. त्यामुळे एकाच बाजूच्या माणसांची गर्दी करून चर्चा जिंकता येत नाही.

२०१५ मध्ये उबर या प्रवासी सेवेचा वाद या पद्धतीने चर्चेला आला. टॅक्सीचालक आणि उबरचे चाहते आरंभी दोन टोकांना होते. चर्चा पुढे गेली तशी प्रवाशांचा विमा आणि वाहनांची रीतसर नोंदणी यांसारख्या मुद्द्यांवर दोन्ही बाजू जवळ आल्या, आणि सरकारने पुढे केलेल्या नियमांत या मतैक्याचे प्रतिबिंब पडले. ऑक्टोबर २०१६ मध्ये टँग वयाच्या ३५ व्या वर्षी मंत्रिमंडळात गेल्या आणि आपल्या बैठकांचे शब्दशः वृत्तांत प्रसिद्ध करण्याची रीत त्यांनी पाडली. २०२२ मध्ये डिजिटल व्यवहार मंत्रालय स्थापन झाले तेव्हा त्या त्याच्या पहिल्या मंत्री झाल्या.

तथापि व्ही-तैवानचा निष्कर्ष स्वीकारण्याचे कायदेशीर बंधन सरकारवर नव्हते, आणि काही वर्षांत तेथे येणाऱ्या विषयांचा ओघ आटला. साधन कितीही उत्तम असले तरी ऐकणाऱ्याने ऐकण्याचे बंधन स्वतःवर घालून घेतले नाही तर त्याची धाव तोकडी पडते, हे येथे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. सरकारनेच २०१५ मध्ये सुरू केलेल्या ‘जॉइन’ या व्यासपीठावर, ६० दिवसांत ५,००० जणांचा पाठिंबा मिळालेल्या मागणीला संबंधित खात्याने उत्तर देणे भाग असते. हा साधा नियम पोलिसच्या गणिताइतकाच मोलाचा आहे. २०१७ मध्ये प्राप्तिकर भरण्याचे सॉफ्टवेअर वापरण्यास भयंकर अवघड असल्याची तक्रार याच व्यासपीठावर झाली, तेव्हा तक्रारकर्त्यांनाच बोलावून त्यांच्यासह नवी रचना करण्यात आली.

साधन आणि कायदा यांच्यामधले अंतर कापण्यास किती चिकाटी लागते, ते राजकीय देणग्यांच्या प्रकरणात दिसले. या देणग्यांचे तपशीलवार हिशेब ‘कंट्रोल युआन’ या देखरेख करणाऱ्या घटनात्मक संस्थेच्या कार्यालयात जाऊनच पाहता येत आणि त्यांच्या प्रती कागदावरच मिळत. २०१४ मध्ये गव्ह-झीरोच्या स्वयंसेवकांनी अशा प्रती आणून स्कॅन केल्या, तक्त्यातील प्रत्येक चौकटीचे चिमुकले चित्र कापून ते संकेतस्थळावर ठेवले, आणि पाहणाऱ्याने त्यातील नाव किंवा रक्कम टंकित करावी अशी व्यवस्था केली. एकीकडे हजारो अनोळखी हातांनी सुमारे एका दिवसात तीन लाखांहून अधिक नोंदी पूर्ण केल्या. दुसरीकडे मूळ कायदा बदलण्यास चार वर्षे लागली. २०१८ मध्ये तैवानच्या संसदेने राजकीय देणगी कायद्यात दुरुस्ती केली, आणि आता हे हिशेब कोणालाही घरबसल्या इंटरनेटवर पाहता येतात.